तारवाल्या काकांची वही : ग्वाल्हेरातल्या एका पद्म नामांकनाची हकीकत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी मंडळाची सभा दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी भरते. २०२५ च्या मार्चातली सभा लक्षात राहिली, कारण विषय एकच होता आणि तो तीन तास चालला. आदल्याच दिवशी, १५ मार्चला, पद्म पुरस्कारांची नामांकनं सुरू झाली होती. मुदत ३१ जुलैची. मंडळाने यंदा एक नाव पाठवायचं एवढं आधीच ठरलेलं होतं. कोणाचं, तिथे गाडं अडलं.

मी मंडळाची सचिव. तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. अर्ज लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडणार हे ठाऊक होतं, म्हणून मी कागद-पेन घेऊनच बसले होते. पुढच्या दहा महिन्यांत जे झालं ते इथे सविस्तर लिहिते आहे. ठिकठिकाणची मंडळं, वाचनालयं, तालमी असे अर्ज करू पाहतात, आणि आम्ही ज्या खड्ड्यात पडलो त्यात त्यांनी पडू नये असं मनापासून वाटतं.

पहिलं नाव अपेक्षितच होतं. ग्वाल्हेर म्हटलं की गाणं. सरोदिये हाफिज अली खाँसाहेबांना १९६० मध्ये आणि कृष्णराव शंकर पंडितांना १९७३ मध्ये पद्मभूषण मिळालं, त्यामुळे आमच्याकडे पद्म हा शब्द निघाला की डोळ्यांपुढे तंबोराच येतो. अध्यक्षांनी ज्या बाईंचं नाव सुचवलं त्या पन्नासहून अधिक वर्षं आपल्या घरच्या माडीवर मुलांना गाणं शिकवताहेत. फी देऊ शकणाऱ्यांकडून घेतात, बाकीच्यांना विचारत नाहीत.

दुसरं नाव हॉकीच्या एका प्रशिक्षकांचं. तेही साहजिक. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४–१ असं हरवलं, त्यातले दहा गोल एकट्या रूपसिंगांचे. ध्यानचंदांचे हे धाकटे भाऊ ग्वाल्हेरात राहिले आणि आमच्या मोठ्या मैदानाला त्यांचंच नाव आहे. आमचे प्रशिक्षक शहात्तर वर्षांचे. सकाळी साडेपाचला मुलं मैदानावर यायच्या आत हे तिथे चुन्याच्या रेषा मारत असायचे.

तिसरं नाव मंडळातल्या सगळ्यात लहान सभासदाने घेतलं, विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलाने. "तारवाले काका," तो म्हणाला. क्षणभर कुणी काही बोललं नाही. काकांना सगळे ओळखत होते. ऐंशीला आलेले, गणपतीत आरतीला खणखणीत आवाज लावणारे, सायकलवरून हिंडणारे. पण पद्म कशासाठी? मग मुलाने काकांच्या वहीबद्दल सांगितलं, युद्धात गेलेल्या जवानांची नावं आणि तिथ्या लिहिलेल्या. सभेतल्या निम्म्या लोकांना ती वही आहे हेच माहीत नव्हतं, आणि त्या निम्म्यांत मीही होते.

दरवाजे कोणाला कोणते

पुढचं नीट कळावं म्हणून इथे थोडं थांबते, कारण या बाबतीत लोकांचा फार गोंधळ असतो. आमचाही होता.

सैनिकाच्या शौर्याचा सन्मान वेगळ्या वाटेने जातो. परमवीर, महावीर आणि वीर चक्र २६ जानेवारी १९५० ला सुरू झाली, ती १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू करून. शांततेच्या काळातल्या शौर्यासाठी अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र. ही शिफारस पलटणीतून वर जाते, नागरिकाला तिथे अर्ज करता येत नाही. खेळाचे पुरस्कार क्रीडा मंत्रालयाचे: खेळाडूला १९६१ पासून अर्जुन, प्रशिक्षकाला १९८५ पासून द्रोणाचार्य. गाण्या-नाटकासाठी संगीत नाटक अकादमी आहे. पद्म या सगळ्यांहून व्यापक. १९५४ मध्ये सुरू झाले, १९७८, १९७९ आणि १९९३ ते १९९७ ही वर्षं सोडली तर दर वर्षी जाहीर होत आले. कोणताही नागरिक कोणाचंही नाव सुचवू शकतो, स्वतःचंसुद्धा. अर्ज राष्ट्रीय पुरस्कारांच्या सरकारी पोर्टलवरच भरावा लागतो आणि माणसाच्या कामाचं वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत बसवावं लागतं. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती नावं निवडते, पंतप्रधान आणि राष्ट्रपती ती मान्य करतात.

म्हणजे गाणाऱ्या बाईंना 'कला' होतं, प्रशिक्षकांना 'क्रीडा' होतं. काकांना काय? देशासाठी गेलेल्यांची आठवण एखाद्या साध्या माणसाने जन्मभर जपली, तर त्यासाठी पद्मच्या यादीत वेगळं क्षेत्र नाही. 'समाजकार्य' आहे आणि शेवटी 'इतर' आहे.

एका ज्येष्ठ सभासदांचा आक्षेप होता तो याहून टोकदार. वहीतली नावं बहुतेक शेजारच्या भिंड-मुरेना जिल्ह्यांकडची, तोमर, भदौरिया, सिकरवार. मराठी नावं जेमतेम दोन. "मग आपल्या मंडळाचा यात संबंध काय? हे काम त्यांच्या समाजाने करावं." हे ते वाईट हेतूने म्हणाले नाहीत. आमच्यासारख्या, मुलखापासून दूर दोनशे वर्षं राहिलेल्या लोकांना आपलं ते टिकवायची सवय लागलेली असते, तिच्यातून आलेलं हे वाक्य आहे. त्यावर मुलगाच बोलला. परमवीर चक्राचं चिन्ह रेखाटणाऱ्या सावित्री खानोलकर युरोपात जन्मल्या, मराठी घरात सून म्हणून आल्या, मराठी शिकल्या, आणि त्यांनी काढलेलं चक्र कोणत्या मुलखातल्या जवानाच्या छातीवर लागलं हे कधी कुणी विचारलं नाही. सभा काकांच्या नावावर थांबली.

त्या दिवशी आम्ही आणखी एक गोष्ट ठरवून टाकली आणि ती चूक होती. बाकीची दोन नावं 'पुढच्या वर्षी' पाहू असं म्हटलं. त्याबद्दल पुढे.

वही

काका १९६६ साली तार खात्यात लागले. "मी पोस्टमन नव्हतो, तारवाला होतो," हे ते प्रत्येकाला सांगतात आणि आमच्या पहिल्या मसुद्यात 'निवृत्त पोस्टमन' असं पडलं तेव्हा त्यांनी ते सगळ्यात आधी खोडलं. पोस्टमनची वाट लोक पाहत, तारवाला दिसला की लोकांच्या पोटात गोळा येई, एवढा दोघांत फरक. १९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार वेगळे झाले तेव्हा तार दूरसंचारकडे गेली, काकाही तिकडे गेले, २००५ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर आठ वर्षांनी, जुलै २०१३ मध्ये, देशातली तारसेवाच बंद झाली.

डिसेंबर १९७१ मध्ये शहराच्या हजिरा भागात, गिरणी कामगारांच्या लाइनीत, त्यांनी एक तार नेली. दारात बाई आली ती कणीक मळता मळता. तार इंग्रजीत. शेजारीपाजारी गोळा झाले, पण इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. "पढ़ के सुना दो, भैया." काकांचं काम लिफाफा देऊन पावती घ्यायचं, वाचून दाखवायचं नव्हे. त्यांनी वाचली. मग पावतीवर अंगठा हवा होता. शाईचा डबा त्यांनी पुढे केला, तिने तिकडे पाहिलंही नाही, तसाच अंगठा टेकवला. पावतीवर शाई उमटली नाही, कणीक उमटली. ती पावती तशीच खात्यात जमा झाली.

इथवर ऐकलं की माणसाला वाटतं, वही त्या दिवशी सुरू झाली. तसं नाही. वर्षभराने ते दुसऱ्या कुणाची तार घेऊन त्याच लाइनीत गेले. ही बरी तार होती, मुलगा झाल्याची. त्या बाईने त्यांना ओळखलं आणि थांबवून विचारलं, "तुमने ही पढ़ा था. तारीख कौन-सी थी?" तारेचा कागद त्या गर्दीत कुठे तरी गेला होता. श्राद्ध कोणत्या दिवशी घालायचं हे तिला ठाऊक नव्हतं. पार्थिव आलेलं नव्हतं, त्या काळी बहुतेकांचं येत नसे, अंत्यसंस्कार तिकडेच होत. तिच्या हातात उरली असती अशी एकच गोष्ट म्हणजे ती तारीख, आणि तीही काकांना आठवेना. "बाई, मला तोंड वर करवेना," इतकंच ते मला याबद्दल म्हणाले.

त्यांनी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून तारीख मागवली. उत्तर आलं. मग पंचांगावरून तिथी काढली: मार्गशीर्ष वद्य अष्टमी. त्या घरी जाऊन सांगितली तर बाईचे सासरे म्हणाले, ही तर पौष कृष्ण अष्टमी. दोघेही बरोबर होते. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, त्यामुळे वद्य पक्षात दिवस एक आणि महिन्याची नावं दोन. म्हणून काकांच्या वहीत तिथीचे दोन रकाने आहेत, 'आपली' आणि 'त्यांची'. मी वही पहिल्यांदा उघडली तेव्हा नजर तिथेच थांबली.

लाल कापडी बांधणीची, लांबट, दुकानदार हिशेबाला वापरतात तशी वही. आडव्या ओळीत नाव, हुद्दा, पलटण, गाव, तारीख, दोन तिथ्या, घरी कोण, पेन्शन सुरू आहे का. शेवटच्या रकान्यात सही किंवा अंगठा. हा शेवटचा रकाना कशासाठी, हे मला आधी कळलं नाही. मंडळातल्या एका निवृत्त बाबूंना मात्र लगेच खटकलं होतं: तारेतला मजकूर तारवाल्याने टिपून ठेवायचा नसतो, अर्जात हे गेलं तर अंगाशी येईल. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, तारेवरून मी एक अक्षर उतरवलं नाही. प्रत्येक नोंद त्या घराच्या ओट्यावर बसून, घरच्यांना विचारून केली आणि म्हणून त्यांची सही आहे. ज्यांनी नको म्हटलं त्यांची नोंद नाही.

तारीख आली की काका त्या घरी जातात. नारळ नाही, हार नाही. बसतात, पाणी पितात, घरात कोण आजारी, कोणाचं काय अडलं ते ऐकतात. युद्धात गेलेल्यांच्या घरच्यांना जी वाढीव पेन्शन मिळायला हवी तिच्याऐवजी साधी कुटुंब पेन्शन चालू आहे, असं त्यांना तीन घरांत आढळलं. अर्ज लिहिले, सैनिक कल्याण कार्यालयात खेटे घातले, दोन ठिकाणी काम झालं, तिसऱ्या ठिकाणी बाई निकालाआधी वारल्या. हेही वहीत आहे, अगदी त्याच अक्षरात.

तीनशे की एकेचाळीस

एप्रिलच्या शेवटी मी पहिला मसुदा केला. मला त्याची आजही लाज वाटते. 'थोर', 'निःस्वार्थ', 'अहोरात्र', 'आधारवड' अशा शब्दांची नुसती रास होती आणि मध्ये एक वाक्य होतं की काकांनी तीनशे शहीद कुटुंबांना आधार दिला. हा आकडा सभेत कुणीतरी अंदाजाने बोललेला. मला तो शोभिवंत वाटला, मी घातला.

काकांनी भिंग घेऊन मसुदा वाचला. सुनेने चहा आणला तो निवून गेला. तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, हे तीनशे कुठून आणले?" मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी वही उघडून पहिल्या पानापासून मोजायला सुरुवात केली, मोठ्याने, प्रत्येक नाव वाचत. एकेचाळीस. "आता उरलेल्या दोनशे एकोणसाठ जणांच्या घरी मी कधी गेलो ते सांगा." आवाज चढलेला नव्हता. पण मंडळाने नाव मागे घ्यावं, हे त्यांनी त्या दिवशी स्पष्ट सांगितलं.

दोन दिवसांनी मी परत गेले, माफी मागितली आणि एकच विनंती केली की पुढचा मसुदा त्यांनी ओळ न ओळ तपासावा. ते कबूल झाले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आम्ही नामांकनाला स्तुती समजत होतो. नामांकन ही साक्ष असते. साक्षीदाराने जेवढं पाहिलं तेवढंच सांगायचं असतं, आणि तेवढं जर खरं असेल तर त्यात विशेषण घालायला जागाच उरत नाही. एकेचाळीस घरं, पन्नासहून अधिक वर्षं, ठरलेल्या तिथीला सायकलवरून. यावर 'थोर' कशाला? २०२० च्या यादीत अयोध्येचे मोहम्मद शरीफ होते, सायकलदुरुस्ती करणारे. बेवारस मृतदेहांचे अंत्यसंस्कार वर्षानुवर्षं करत राहिले म्हणून त्यांना समाजकार्यासाठी पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहीबाई पोपेरे होत्या, गावठी बियाणं जपणाऱ्या. एकच काम, छोटं, दिसायला साधं, पण न सोडलेलं. काकांचं क्षेत्र आम्ही 'समाजकार्य' ठरवलं ते या दोन नावांकडे बघून.

नवा मसुदा मी वहीवरून लिहिला. सुरुवात अशी केली: हे तार खात्यात संदेश पोचवण्याचं काम करत होते, १९७१ च्या युद्धात मृत्यूची बातमी त्यांनी ज्या घरी वाचून दाखवली, त्या घराला मृत्यूची तारीख मिळवून देण्यापासून हे काम सुरू झालं. पुढे आकडे, वर्षं, पेन्शनची तीन प्रकरणं, त्यातलं न झालेलं एकही. एक अडचण रास्त होती. सरकारी नोकर नोकरीत असताना पद्मला पात्र नसतो, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून. काका निवृत्त आहेत, म्हणजे नियमाची हरकत नाही. पण तार देणं हे त्यांचं पगारी काम होतं, मग त्यात विशेष काय, असं वाचणारा विचारू शकतो. म्हणून ड्युटी कुठे संपली आणि काकांचं स्वतःचं काम कुठे सुरू झालं ती रेघ मी ठळक ओढली. तारेच्या पावतीवर अंगठा पडला तिथे ड्युटी संपली. मसुदा मराठीत झाला, मुलाने तो हिंदीत उतरवला, ७६० शब्द.

घरोघरी

अर्जासोबत पुरावे जोडायचे होते आणि सगळ्यात मोठा पुरावा वही. मी सरळ पानांचे फोटो काढायला निघाले होते. सुनेने हात धरला. वहीत लोकांच्या पेन्शनचे तपशील आहेत, कोण कोणाशी भांडून वेगळं झालं ते आहे. ही पानं दिल्लीला पाठवायची तर त्यांना विचारायला नको? तिचं म्हणणं इतकं बरोबर होतं की मला आधी सुचलं कसं नाही असं झालं.

एकेचाळीसपैकी सात घरांत आता कुणी राहिलेलं नाही. उरलेल्या चौतीस घरी आम्ही मे आणि जूनमध्ये गेलो. ग्वाल्हेरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला याचा अर्थ सांगायला नको. सकाळी सहाला निघायचं, दहाच्या आत परतायचं. मुलगा स्कूटर चालवायचा, काका मागे. लांबच्या गावांना बसने. बहुतेकांनी आनंदाने होकार दिला, नऊ जणांनी स्वतः पत्रं लिहून दिली. मुरारच्या एका बाईंनी मात्र नकार दिला. "उनके नाम पर किसी को तमगा मिले, हमें अच्छा नहीं लगेगा." मला ते लागलं. काका मात्र "ठीक है, बेटा" म्हणाले आणि त्या घराची ओळ आम्ही अर्जातून काढली. त्या वर्षीच्या तिथीला काका नेहमीसारखेच तिथे गेले.

एक सकाळ विसरता येत नाही. १९६२ मध्ये गेलेल्या एका जवानाची मुलगी, आता पासष्टीच्या घरात. वडील गेले तेव्हा ती कडेवर होती. ही तार काकांनी दिलेली नव्हती, ते नोकरीला लागण्याआधीची गोष्ट. दुसऱ्या घराकडून काकांबद्दल ऐकून तिनेच त्यांना बोलावून नाव लिहवून घेतलं होतं. बोलता बोलता मुलाने विचारलं, दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात नाव पाहिलंत का? तिला असं काही आहे हेच माहीत नव्हतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये हे स्मारक खुलं झालं तेव्हा त्याच्या त्यागचक्रात २५,९४२ नावं ग्रॅनाइटवर कोरलेली होती, स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची. ती नावं संगणकावर शोधता येतात. मुलाने फोनवर शोधलं, मिळेना. आडनावाचं स्पेलिंग बदललं, मिळेना. काकांनी वही उघडून पलटण सांगितली, तशी चौथ्या खेपेला ओळ सापडली. त्याने फोन तिच्यापुढे धरला. तिने नावावर बोट टेकवलं, तशी अक्षरं एकदम मोठी झाली आणि ती दचकून मागे सरली. मग म्हणाली, "पढ़ के सुनाओ." काकांनी वाचलं.

जुलै ते जानेवारी

कागदपत्रांचं फार सांगत नाही. काकांचं नाव नोकरीच्या कागदांत 'राव' लावून आहे, आधारवर 'राव' नाही. आमच्याकडे हे घरोघरी आहे. शपथपत्र केलं. निवृत्तीचा एक दाखला एका कार्यालयातून मिळायला सात आठवडे गेले. २२ जुलैला अर्ज भरला गेला.

मधल्या काळात अध्यक्षांनी उत्साहाने 'पद्मश्री' शब्द नावाआधी लावून निमंत्रणपत्रिकेचा नमुनाही करून ठेवला होता. तो मी काढायला लावला. पुरस्कार मिळाला तरी तसं लावता येत नाही. संविधानाच्या अठराव्या कलमाने पदव्या बंद केल्या, आणि हे सन्मान म्हणजे पदव्या नव्हेत, ते नावाच्या मागेपुढे जोडायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं. रोख रक्कम किंवा रेल्वेची सवलत यातलं काही नसतं. काकांनी हे ऐकून "मग बरं" एवढंच म्हटलं.

नोव्हेंबरात हॉकीचे प्रशिक्षक गेले. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी पहाटे. स्मशानात पन्नाशीच्या माणसांपासून शाळकरी मुलांपर्यंत शंभरावर खेळाडू उभे होते, कुणीतरी चितेपाशी हॉकी स्टिक ठेवली. पद्म सहसा मरणोत्तर देत नाहीत. योगदान फार मोठं असेल आणि मृत्यू प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या वर्षभरातला असेल तरच अपवाद होतो. म्हणजे त्यांच्यासाठी उरलेली एकच वेळ जानेवारी २०२६ ची, आणि तिचे अर्ज आधीच बंद झालेले. मार्चच्या सभेत आम्ही 'मंडळाचं एकच नाव' असं धरून चाललो होतो. असा नियम सरकारचा नाही. तो आमचा आम्हीच घातला होता, वाद नको म्हणून. तीन नावं, तीन जणांनी, तीन अर्ज भरले असते तर कुणी अडवलं नसतं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त सलतं ते हे.

२५ जानेवारीच्या संध्याकाळी काकांच्या घरी आम्ही दहा-बारा जण जमलो होतो. यादी आली. मुलाने फोनवर ती वरून खाली, मग खालून वर पाहिली. नाव नव्हतं. कारण कळवत नाहीत. वर्षाला मरणोत्तर आणि परदेशस्थ सोडून १२० हून अधिक द्यायचे नाहीत अशी मर्यादा आहे, हे मला ठाऊक होतं, तरी घशात काहीतरी अडकलं. काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि सुनेला म्हणाले, पोहे गरम आहेत तोवर वाढ.

अर्ज पुन्हा भरणार आहोत, यावेळी फाइल तयार असल्यामुळे घाई नाही. गाणाऱ्या बाईंचा अर्ज वेगळा होईल. मुलगा दर रविवारी त्यांच्या माडीवर जाऊन कोण कधी शिकलं, आज कुठे गातं ते लिहून घेतो.

फेब्रुवारीत काकांनी मला बोलावलं. टेबलावर एक नवी लाल वही होती. पट्टीने आखलेले रकाने, थरथरत्या हाताने, पण सरळ: खेळाडूचं नाव, कोणत्या वर्षी आला, कोणत्या संघातून खेळला, आता काय करतो, सही. वर प्रशिक्षकांचं नाव, त्यांच्या जाण्याची तारीख आणि तिथी. त्यांना आता ना पद्म मिळणार ना काही, हे काकांना माहीत होतं. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "पहिली सही त्यांच्या मुलीची घ्या. तिलाही त्यांनीच शिकवलंय."

मी त्याच संध्याकाळी गेले. तिने दोन्ही हातांनी वही घेतली, वडिलांचं नाव वाचलं, पेन मागितलं आणि पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहून वर्षाच्या रकान्यात थोडी थांबली. मग आत आईला हाक मारून विचारलं, "आई गं, मी पहिल्यांदा मैदानावर गेले ते पाचवीत ना?"